उघडला की ‘हॅलो’, मिटला की संपलं

आधी खिसे रिकामे करा. तो काचेचा चपटा फोन घरीच ठेवा. आपण निघालोय तिथे त्याला ओळख देणारं कुणी नाही. मनगटावर घड्याळ बांधा. चार फोन नंबर पाठ करून घ्या : घरचा, ऑफिसचा, एका मित्राचा, एका शेजाऱ्याचा. पाठ होत नसतील तर चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात घाला. शर्ट सुती असू द्या, उकाडा आहे.

झालं? मिटा डोळे. आता उघडा.

पहिला दणका कानाला बसतो. डोक्यावर, अगदी डोक्यावर, लोखंड किंचाळतंय. रस्त्याच्या मधोमध लोखंडी खांब उभे आहेत, त्यांच्यावर रूळ टाकलेत आणि त्या रुळांवरून लोकल वळण घेतेय. खाली रस्त्यावर बोलणारी माणसं मध्येच थांबतात, गाडी जाऊ देतात आणि तोडलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू करतात. सवय आहे त्यांना. ही शिकागोची ‘एल’. तुम्ही उभे आहात वेल्स स्ट्रीटवर, ऑगस्ट १९९६च्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत.

आता नाकाचं ऐका. नदीपलीकडून वारा आला की चक्क चॉकलेटचा वास येतो. भास नाही, पलीकडे किन्झी स्ट्रीटला ब्लॉमरचा कारखाना आहे, तिथे कोको भाजतात आणि वाऱ्याची मर्जी असेल त्या दिवशी अर्धं शहर त्या वासात बुडतं. त्यात मिसळतो तापलेल्या ब्रेकचा वास, फुटपाथवर सिगारेट ओढणाऱ्यांचा धूर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून येणारा वाफाळलेल्या पावाचा, पिवळ्या मोहरीचा, कच्च्या कांद्याचा वास. तिथे हॉट डॉग मिळतो. भूक असली तर घ्या, पण टोमॅटो केचप मागू नका. या गावात ते पाप आहे.

गर्दीत लाल टोप्या दिसताहेत, टोपीवर बैलाचं डोकं. मायकल जॉर्डनच्या संघाने जूनमध्येच चौथं विजेतेपद जिंकलंय आणि त्याची धुंदी अजून उतरलेली नाही. काच खाली केलेल्या गाडीतून ‘मॅकरेना’ वाजतंय. पुढच्या गाडीतूनही तेच. या महिन्यात त्यापासून सुटका नाही, तेव्हा पायाने ठेका धरला तरी चालेल.

थोडं चाला. काहीतरी वेगळं वाटतंय ना? लोक तुमच्याकडे बघताहेत. निरखून नव्हे, सहज. समोरून येणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. सगळ्यांच्या माना वर आहेत. हात मोकळे आहेत, नाहीतर त्यांत वर्तमानपत्र, कॉफी, कुणाचं तरी बोट. रांगेत उभी असलेली माणसं नुसती उभी आहेत. सिग्नलला थांबलेला माणूस सिग्नलकडे बघतोय. तुमचा हात मात्र दर दोन मिनिटांनी खिशाकडे जातो आणि रिकामा परत येतो. जाऊ द्या, तासाभरात विसरेल.

आता लोकांच्या कमरेकडे नजर टाका. काळ्या रंगाची, काडेपेटीहून जराशी मोठी डबी पट्ट्याला अडकवलेली. पेजर. शेजारून चाललेल्या माणसाची डबी आत्ताच ‘बीप बीप’ करतेय. तो ती तिरकी करतो, डोळे बारीक करून आकडे वाचतो आणि पाय उचलून टेलिफोनच्या खांबाकडे धावतो. कुणी फोन केला तेवढंच त्याला कळलंय. का केला ते कळण्यासाठी नाणी लागतील. काही जणांनी आकड्यांचीच भाषा केलीय. शेवटी ९११ लावलं तर तातडीचं काम. १४३ आलं तर माणूस धावत नाही, गालातल्या गालात हसत चालू लागतो.

चला, त्या रांगेत उभे राहू. तीन फोन, त्यातला एक बंद. पोलादी वेटोळ्याची वायर, साखळीला बांधलेली आणि निम्मी पानं फाटलेली डिरेक्टरी, उन्हाने तापलेली लोखंडी चौकट. पुढचा माणूस ऑर्डर लिहून घेतोय, रिसीव्हर मानेत दाबून आणि कागद भिंतीला लावून. मागची बाई हातातली नाणी खुळखुळवते म्हणजे तिला घाई आहे. तुमचा नंबर येतो. रिसीव्हर कानाला लावला की आधीच्या चार माणसांचा घाम, अत्तर आणि तंबाखू एकदम भेटायला येतात. नाणं टाका, चिठ्ठी काढा, नंबर फिरवा. एंगेज्ड. नाणं परत खाली पडतं आणि मागची बाई घसा खाकरते.

आणि नेमकं तेव्हाच मागून आवाज येतो. ‘चट्’.

सगळे वळून बघतात. तुम्हीही बघा. रांगेच्या टोकाला उभा असलेला एक माणूस रांगेतून बाहेर पडलाय. त्याने कमरेच्या क्लिपमधून काहीतरी काळं काढलं, एका हाताने, अंगठ्याने उघडलं आणि कानाला लावलं. नाणं नाही, वायर नाही, रांग नाही. तो बोलत बोलत चालायला लागतो, आणि रांगेतली माणसं, तुमच्यासकट, त्याच्या पाठीकडे बघत राहतात. अजून कुणालाही त्याचा राग येत नाही. मोठ्याने बोलत चालणाऱ्या माणसांचा राग यायला काही वर्षं जायची आहेत.

तो स्टारटॅक. मोटोरोलाने या वर्षाच्या सुरुवातीला, ३ जानेवारीला, बाजारात आणलेला. त्याच्यासाठीच तर एवढ्या लांब आलो आपण.

समोर दुकान आहे, आत चला. दार ढकललं की एसीचा गारवा अंगावर येतो आणि घाम जागच्या जागी थिजतो. गालिच्याचा नि नव्या प्लॅस्टिकचा वास. काचेच्या कपाटात एका कडेला एक पांढुरका दगड ठेवलाय, हौसेने, जुन्या माणसाचा फोटो लावावा तसा. तो डायनाटॅक. बाजारात आला तेव्हा किंमत ३,९९५ डॉलर, वजन पाऊण किलोच्या वर, आणि दहा तास चार्ज केल्यावर बोलायला अर्धा तास. त्याचाही पूर्वज होता. १९७३ सालच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवर उभं राहून मार्टिन कूपरने पहिला हातातला फोन लावला, तोही प्रतिस्पर्धी बेल लॅब्जच्या जोएल एंगेलला. कूपर मोटोरोलाचा, म्हणजे याच शिकागोचा. आणि अमेरिकेतली पहिली व्यावसायिक मोबाइल सेवा सुरू झाली तीही इथेच, तळ्याकाठच्या सोल्जर फील्ड मैदानावर, १९८३ साली. या गावाला फोनचं माहेर म्हणायला माझी हरकत नाही.

दगडाशेजारी मायक्रोटॅक. त्याला खाली एक छोटी झडप आहे, ती उघडली की आकड्यांची बटणं दिसतात. सात वर्षांपूर्वी तो आला तेव्हा लोकांनी त्याच्याकडेही असंच टक लावून पाहिलं होतं. पण त्याची झडप म्हणजे नुसतं झाकण. मुख्य अंग मिटत नाही.

विक्रेता कपाटाची किल्ली फिरवतो आणि तिसरा फोन तुमच्या तळहातावर ठेवतो.

घट्ट धरू नका, नुसता तोलून बघा. ८८ ग्रॅम. आत्ता रांगेत तुम्ही हातात धरलेला रिसीव्हर याच्याहून जड होता. काळं प्लॅस्टिक, किंचित खरखरीत. मिटलेला असताना मूठ बंद करता येते. वरच्या कोपऱ्यातून अँटेनाची बोंडी डोकावतेय. चिमटीत धरून ओढा, ती सुळ्ळकन बाहेर येते आणि शेवटी हलकेच अडते. आता अंगठ्याचं नख दोन पाकळ्यांच्या फटीत घाला आणि वर उचला. सुरुवातीला बिजागरी थोडी विरोध करते. एका टप्प्यापर्यंत तुम्ही उघडताय, आणि मग एकाएकी ती स्वतःहून उघडते, शेवटचा प्रवास तिचा तीच करते आणि ‘चट्’ म्हणून थांबते. आत एक स्प्रिंग आहे. हा ठोका कुठे असावा, किती जोराचा असावा, हे कुणीतरी बसून ठरवलंय. मिटवा. परत उघडा. परत मिटवा. विक्रेता हसतोय, सकाळपासून आलेल्या प्रत्येकाने हेच केलंय.

आता त्याच बिजागरीकडे जवळून बघा, कारण सगळी करामत तिथे आहे. कानाशी येणारा स्पीकर वरच्या पाकळीत, बटणं, पडदा आणि बाकीचा संसार खालच्या पाकळीत. म्हणजे आवाजाच्या तारा या बिजागरीतून पलीकडे जायला हव्यात, आणि बिजागरी दिवसातून पन्नास वेळा वळणार. साधी तार अशा वळण्याने आठवड्यात तुटेल. म्हणून पातळ, लवचिक पट्टीवर तांब्याच्या रेघा छापून ती पट्टी सांध्यातून नेतात. सगळ्याच घडीच्या फोनांचा जीव या पट्टीत असतो. फोन जुना झाला की आधी तीच जाते, आणि मग ‘जरा तिरका धरला की ऐकू येतं’ असं सांगत फिरणारे लोक तयार होतात.

पण घडी का घातली? छोटा दिसावा म्हणून, असं सगळे म्हणतील. तुमचा एक हात वर करा बरं. अंगठा कानाशी, करंगळी ओठांशी. ‘फोन कर हं’ म्हणताना लांबून करतो ती खूण. आता हात तसाच ठेवून खाली आणा आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर बघा. एवढा लांब फोन हवा, कारण माणसाचा चेहरा एवढा आहे. आतली चिप कितीही लहान करा, बॅटरी कितीही चपटी करा, कानापासून ओठापर्यंतचं अंतर कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. आणि खिसा त्याच्या निम्मा. चेहरा आणि खिसा यांचं हे भांडण मिटवायला एकच मार्ग होता : बोलताना लांब, चालताना आखूड. इटलीत मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर या जोडीने १९६५ सालीच घरगुती टेलिफोनची अशी घडी घालून दाखवली होती, ‘ग्रिलो’ नावाने. तो टेबलावर बसायचा, तारेला बांधलेला. मोटोरोलाने तीच कल्पना रेडिओसकट माणसाच्या कमरेला लावली. कंपनीच्या कागदांवर तर त्याला ‘अंगावर घालायचा’ फोन म्हटलंय, आणि अंगावर घालायची वस्तू शिवताना शिंपी माप घेतो, तसं यांनी गालाचं माप घेतलं.

लावून बघा कानाला. वरची पाकळी कानावर बसते, खालची गालाच्या वळणाने ओठांकडे येते. मधला कोन बघितलात? गाल सरळ नसतो हे ज्यांना समजलं त्यांनी केलेली वस्तू आहे ही.

किंमत विचारायचं धाडस करा आता. साधारण १,००० डॉलर. ज्या पोराने तुम्हाला हॉट डॉग बांधून दिला त्याला कायद्याने मिळणारी किमान मजुरी तासाला ४ डॉलर २५ सेंट आहे. म्हणजे २३५ तास मोहरी फासली तर एक फोन, आणि त्या काळात पोटाला काही खायचं नाही. म्हणून हा फोन शेअर दलालाच्या कमरेला आहे, डॉक्टरच्या आहे, घरं विकणाऱ्या बाईच्या पर्समध्ये आहे. पोराच्या कमरेला पेजर.

विक्रेता म्हणतो, लावा एक फोन, दुकानातर्फे. चिठ्ठी काढा. बटणं दाबा, प्रत्येक बटणाला वेगळा सूर. मग ‘एसएनडी’. कानात आधी भरते ती खरखर. पावसाळी दुपारी कौलांवर बारीक सर वाजत राहावी तशी, सगळ्या बोलण्याच्या मागे. हा अ‍ॅनालॉग काळ आहे. तुमचा आवाज आकड्यांत न बदलता तसाच्या तसा लहरींवर स्वार होऊन जातो, रेडिओवरच्या गाण्यासारखाच. दाराबाहेर या, बोलत राहा. उंच इमारतीच्या आडोशाला गेलात की खरखर वाढते, समोरच्याचा आवाज तिच्यात बुडायला लागतो, चार पावलं मागे आलात की तो पुन्हा वर येतो. आजच्या फोनसारखं बोलणं मध्येच मरत नाही. जाताना सांगून जातं, आणि तुम्ही वाक्य आवरतं घेऊ शकता. हा गुण पुढे हरवला, आणि मला तरी त्याचं वाईट वाटतं.

पण जपून बोला. घरगुती रेडिओ स्कॅनर घेऊन बसलेला कुणीही हे बोलणं ऐकू शकतो. असे स्कॅनर बनवायला नि आयात करायला दोन वर्षांपूर्वीच बंदी आलीय, पण आधी विकलेले लोकांच्या माळ्यावर आहेतच. ऐकण्यापर्यंत ठीक, याहून वाईट लोक आहेत. ते हवेतून तुमच्या फोनचा ओळख क्रमांक चोरतात, दुसऱ्या फोनमध्ये भरतात आणि तुमच्या नावावर जगभर गप्पा मारतात. महिनाअखेरी बिलाचं पाकीट जाडजूड आलं की समजायचं. चोरी न होताही बिल ही धास्तीचीच गोष्ट. फोन केला तरी मिनिटं मोजतात, आला तरी मोजतात. दिवसा महाग, रात्री नि शनिवार-रविवारी स्वस्त. म्हणून लोक फोन उघडतात, ‘मी पोचलो, तू घरच्या फोनवर कर’ एवढं म्हणतात आणि मिटतात. देशात या वर्षअखेर चार कोटी चाळीस लाख ग्राहक होतील आणि महिन्याचं सरासरी बिल ४७ डॉलर ७० सेंट. एवढ्यात आठवडाभराचा किराणा येतो.

मिटवा आता फोन. मिटवला की बोलणं संपतं, लाल बटण शोधावं लागत नाही. भांडण झालं असेल तर जोरात मिटवता येतो, आणि इथे तशी मिटवणारी माणसं दिवसभरात दिसतील. लाडात असाल तर हळूच मिटवता येतो. तेही दिसतील.

संध्याकाळ होतेय. कॅनाल स्ट्रीटच्या युनियन स्टेशनवर चला. संगमरवरी दालनात पावलांचा घोष, डिझेलचा वास, मक्याच्या लाह्यांना लागलेल्या लोण्याचा वास. उपनगरी गाडीत खिडकीशी बसा. समोरच्या बाईंच्या हातात व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आहे आणि त्या पेनाने एकेका कार्डावरचा नंबर खोडून वर नवा लिहिताहेत. या वर्षी शिकागोकरांच्या नशिबी हेच काम आहे. फॅक्स, पेजर आणि मोबाइल यांनी नंबर खाऊन टाकले, शिल्लकच राहिले नाहीत, म्हणून एरिया कोड बदलले : जानेवारीत ८४७ आला, याच महिन्यात ६३०, ऑक्टोबरात ७७३ येईल. बाई वैतागल्या आहेत. इतक्यात त्या एकदम दचकतात, हात कमरेशी नेतात. त्यांच्याकडेही स्टारटॅक आहे आणि तो वाजला नाही, थरथरला. बरोबर बसलेला नवरा विचारतो, ‘काय झालं?’ अंगाला लावलेला फोन मुकाट्याने हलतो याची शरीराला सवय नाही अजून. आज आपल्याला फोन थरथरला नसतानाही मांडीवर थरथर जाणवते; त्या जाणिवेचा जन्म तुम्ही आत्ता बघितलात.

गाडी उत्तरेला जाते, पण आपण मध्येच उतरू आणि डेव्हन अ‍ॅव्हेन्यू गाठू. नाकाला लगेच कळेल. हिंग, उदबत्ती, तळणीचं तेल. पटेल ब्रदर्सचं दुकान १९७४पासून याच रस्त्यावर आहे. गणपती दोन-अडीच आठवड्यांवर आलेत, म्हणून नारळांच्या ढिगाभोवती गर्दी आहे आणि त्या गर्दीत कानावर मराठी पडतं. ‘अगं, हा वाजवून बघ, पाणी नाहीये त्यात.’ बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली याच शहरात झाली, तेव्हा मराठी ऐकून दचकू नका. नारळ वाजवणारा गृहस्थ शॉम्बर्गला राहतो, तिथेच मोटोरोलाचं मुख्य कार्यालय आहे. तुम्ही मराठी बोललात की लगेच ‘कुठले तुम्ही?’ होतं, मग ‘चला ना घरी, चहा घेऊ’.

घरी पोचेपर्यंत नऊ वाजलेत, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसात. त्याच्या कमरेला स्टारटॅक आहे. पण आईला फोन लावताना तो त्याला हातसुद्धा लावत नाही. भिंतीवरचा फोन घेतो, खिशातून कार्ड काढतो, त्यावरचा लांबलचक आकडा दाबतो, मग पुण्याचा नंबर. दोनदा चुकतो. तिसऱ्यांदा लागतो आणि सगळं घर एकदम ओरडून बोलायला लागतं, जणू पुणं पलीकडच्या गल्लीत आहे आणि आई जरा कमी ऐकते. ‘जेवलीस का? गुडघा कसा आहे?’ कार्डावरची मिनिटं संपत आली की मधूनच एक बाई इंग्रजीत तसं सांगते, आणि मग सगळे एकदम ‘ठेवतो, ठेवतो’ म्हणतात. हा हजार डॉलरचा फोन घराजवळच्या बोलण्यासाठी आहे. दूरच्या माणसासाठी अजून तीच जुनी तार.

एक उडी अजून घ्यायचीय. त्याच माणसाचा हात धरा आणि डिसेंबरात मुंबईला उतरा. सहार विमानतळाबाहेर आलात की ओलसर, गरम, ओळखीचा वारा तोंडावर येतो. टॅक्सीत तो फोन उघडतो. पडद्यावर अक्षरं : ‘नो सर्व्हिस’. दादरला, माहीमला, कुठेच काही नाही. मुंबईत मोबाइल येऊन वर्ष उलटलंय, मॅक्स टच आणि बीपीएल अशा दोन सेवा आहेत, पण त्या डिजिटल, जीएसएम पद्धतीच्या, सिम कार्डावर चालणाऱ्या. त्याचा अ‍ॅनालॉग फोन त्यांची भाषाच बोलत नाही. तिथला राजा इथे मुका. आणि इथल्या सेवेचा भाव? गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे, आलेल्या कॉललाही. त्यामुळे रस्त्यावर राज्य आहे ते पिवळ्या एसटीडी-पीसीओच्या टपऱ्यांचं, काचेमागे लाल आकडे धावणाऱ्या मीटरचं. जीएसएमवर चालणारे स्टारटॅक पुढे आले, पण हा त्यातला नव्हे.

आता दादरला त्याच्या नातेवाइकांच्या दोन खोल्यांच्या घरात बघा काय होतं ते. फोनला रेंज नाही हे सगळ्यांना सांगून झालंय. तरी तो हातोहात फिरतो. काका उघडतात, मिटतात. वहिनी ओला हात पदराला पुसून घेते आणि मगच धरते. बाबा चष्मा लावून बिजागरी तपासतात, ‘इथे काय असेल रे?’ विचारतात. आजी घाबरत नख घालते, तो ‘चट्’ उघडतो आणि ती ‘अगं बाई!’ म्हणून खळखळून हसते, पुन्हा करून बघते. खिडकीतून फूलबाजाराकडून येणारा झेंडूचा वास, चहाची आलं घातलेली वाफ आणि खोलीभर तो एकच आवाज. संध्याकाळभर एकही फोन लागला नाही, लागणारही नव्हता. कुणालाही ते उणं वाटलं नाही. फोनचं निम्मं सुख कानाला नसून हाताला असतं, हे पटायला मला या खोलीपेक्षा दुसरा पुरावा नको.

चला परत. घरी या, पाणी प्या, तुमचा काचेचा फोन उचला. त्याला एकदा कानाला लावून बघा. गालावर सपाट पाटी. चेहऱ्याशी तिचं काही देणंघेणं नाही, आणि ते चालतं, कारण आताचे माइक ओठांपर्यंत न पोचताही आवाज टिपतात आणि भोवतीचा गोंगाट गाळून टाकतात. स्टारटॅक सहा कोटींच्या आसपास विकले गेले, त्याच कंपनीच्या सडपातळ रेझरने २००४नंतर त्याच्याही दुप्पट मजल मारली, आणि मग पडदा मोठा होत गेला तसं घडीचं कारणच उरलं नाही. आज घडीचे फोन पुन्हा आलेत, मोटोरोलाचेही आहेत, पण त्यांच्यात घडी पडते ती काचेला. मोठा पडदा खिशात मावावा म्हणून. माप डोळ्याचं घेतलंय. माणसाच्या बोलण्याचं माप घेऊन शिवलेला फोन तोच, ८८ ग्रॅमचा, आणि माझ्या मते त्याच्याइतका चेहऱ्याला बसणारा फोन नंतर कुणी केला नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅनालॉग सेवेचं बंधन १८ फेब्रुवारी २००८ला संपलं आणि त्यानंतर ती यंत्रणा बंद होत गेली. तेव्हा पहिले स्टारटॅक आता कुठेच बोलू शकत नाहीत. पण कुठल्या का कंपनीचा असेना, घडीचा एखादा जुना फोन तुमच्याही कपाटात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडलेला असेल. तो शोधा. आधी मागचं झाकण काढून बॅटरी फुगली नाही ना ते बघा, फुगली असेल तर काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फोन मात्र लगेच देऊ नका. घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल तर त्याच्या हातात ठेवा, काही सांगू नका, आणि तो उघडायला त्याला किती वेळ लागतो ते बघा.